पाटलाची नक्कल : निळू फुले यांच्या भूमिकांसंबंधी काही विचार

निळू फुले यांच्याविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात एक वाक्य हटकून आढळते. पडद्यावर ते दुष्ट होते आणि आयुष्यात सज्जन होते. १३ जुलै २००९ रोजी ते पुण्यात वारले, तेव्हाही बहुतेक मृत्युलेख याच वाक्याभोवती फिरले. मी तेव्हा शिकत होतो. ते लेख वाचताना मला काहीतरी सलत होते, पण काय सलते आहे ते सांगता येत नव्हते. आज महाविद्यालयात शिकवताना ते सांगण्याचा प्रयत्न करतो आहे.

हे वाक्य खोटे नाही, पण फार सोयीचे आहे. ते माणूस आणि भूमिका यांच्यात एक भिंत उभी करते, आणि प्रस्थापित समीक्षेला त्या भूमिकेकडे गंभीरपणे पाहण्याची गरजच उरत नाही. दुष्टपणाचे कौतुक करायचे, सज्जनपणाला हार घालायचा आणि मोकळे व्हायचे. परंतु ज्यांच्या अंगावर पाटील प्रत्यक्ष आलेला आहे, त्यांनी हा पाटील कसा पाहिला, हा प्रश्न कुणी विचारला नाही. प्रस्तुत लेखात मला तोच विचारायचा आहे.

मी खर्ड्याचा. जामखेड तालुक्यातले हे गाव इतिहासात १७९५ च्या लढाईमुळे ठाऊक आहे. मराठ्यांनी येथे निजामाचा पराभव केला. निंबाळकरांचा किल्ला अजून उभा आहे. याच लढाईच्या छावणीत शिदनाक महाराच्या तंबूला सरदारांच्या तंबूंशेजारी जागा देण्यावरून तक्रार झाल्याची हकिकत सांगितली जाते, आणि ती दलित लेखनात वारंवार आली आहे. लढायला माणूस चालतो, शेजारी तंबू ठोकायला चालत नाही. दुय्यम भूमिका म्हणजे काय हे आमच्या गावाला अशा रीतीने दोनशे वर्षांपासून माहीत आहे.

माझ्या वडिलांचे एक चुलते होते. वस्तीत सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांनी गावकीची कामे केली होती. सांगावा नेणे, लाकडे फोडणे, मेलेले ढोर ओढणे, वाड्यासमोर हात जोडून उभे राहणे. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले तरी बोलावणी काही लगेच थांबली नाहीत. हे तात्या संध्याकाळी वस्तीवर परतले की चावडीपुढच्या ओट्यावर बसून पाटलाची नक्कल करीत. वडील सांगत, तात्या कधी ओरडत नसत. पाटील ओरडतच नव्हता ना! तो मान किंचित वाकडी करी, डोळे अर्धवट मिटी, तोंडातला तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेई आणि अगदी हळू, जवळजवळ प्रेमाने विचारी, ‘काय रं, सकाळपास्नं कुठं हुतास?’ हे ऐकताना वस्ती हसत असे. म्हाताऱ्या बायका पदराने डोळे पुसत. जो आवाज दिवसा ऐकून पायातले बळ जाई, तोच रात्री ऐकून माणसे हसत. आमच्या माणसांच्या हाती दुसरे शस्त्र नव्हते.

वडील पुढे उसतोडीला जाऊ लागले. आमचा भाग कोरडा. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घ्यायची, कोयता घ्यायचा आणि कारखान्याच्या भागात टोळीबरोबर कोपी घालायची. एका हंगामात कारखान्याजवळच्या तंबूत त्यांनी ‘सामना’ पाहिला. निळू फुले प्रथम बोलले तेव्हा वडील शेजारच्या गड्याला म्हणाले, ‘ह्यो तर आमचा तात्याच हाय.’ पाटील आहे असे ते म्हणाले नाहीत. तात्या आहे असे म्हणाले. हे वाक्य मी लहानपणापासून कितीदा तरी ऐकले आणि त्याचा अर्थ मला फार उशिरा लागला. निळू फुले यांच्या अभिनयाविषयी मी वाचलेल्या कुठल्याही समीक्षेपेक्षा ते मला अधिक खोल वाटते.

त्याचे कारण असे. निळू फुले पाटलाच्या वाड्यातून आलेले नव्हते. लोखंडाच्या मोडीवर आणि भाजीवर ज्यांचा संसार चाले अशा पुण्यातल्या कष्टकरी घरातले ते. तरुणपणी त्यांनी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात ते घडले. हे कलापथक लोकनाट्य करीत असे, आणि लोकनाट्य म्हणजे तमाशाचा सुशिक्षितांनी उचललेला साचा. या साच्याचे मूळ कुणाचे? महार, मांग, कोल्हाटी कलावंतांचे. याच जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा. नारायणगावचे भाऊ-बापू मांग. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी याच अंगाने आंबेडकरी जलसा उभा केला आणि गण-गवळणीच्या जागी माणुसकीचा विचार आणला. वगातला सोंगाड्या राजाला, पाटलाला, सावकाराला तोंडावर टोला देतो. त्याला ती मुभा असते, कारण तो सोंग करतो आहे. तमाशाच्या बोर्डावर खालच्या माणसाला वरच्या माणसाची फजिती करण्याचा परवाना मिळे, आणि तोही केवळ रात्रीपुरता.

निळू फुले यांचे बोलण्याचे टायमिंग, शब्द तोडून टाकण्याची ढब, वाक्य संपल्यावर क्षणभर थांबून समोरच्याला नजरेने चाचपणे, हे सर्व सोंगाड्याच्या परंपरेतले आहे असे मला वाटते. शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांचे नाव झाले आणि त्यातूनच अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) मधला झेले अण्णा त्यांना मिळाला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वगात सोंगाड्या पाटलासमोर उभा राहून त्याची टर उडवतो. चित्रपटात सोंगाड्याच पाटलाच्या अंगात शिरला. म्हणून निळू फुले यांचा पाटील हा पाटलाला स्वतःला दिसतो तसा पाटील नाही. तो खालून पाहिलेला पाटील आहे. खाली बसलेल्या माणसाला पाटलाचे जे जे दिसते, म्हणजे चपलेचा आवाज, बोटातली अंगठी, न बोलता केलेला इशारा, ते ते त्यांनी उचलले. वडिलांना तात्या दिसले ते यामुळे.

मराठी चित्रपटात त्यांच्यापूर्वीही खलनायक होते, परंतु सत्ता ही श्रमाशिवाय चालते हे शरीराने दाखवणारा नट मला दुसरा दिसत नाही. त्यांचा पाटील घाई करीत नाही. ज्याला भीती असते तो ओरडतो. याला कसली भीती? आवाज चढवण्याचे, हात उगारण्याचे काम त्याची माणसे करतात. तो फक्त बसलेला असतो. आमच्या अनुभवातला अन्याय बहुधा असाच होता. शिवी देणारा माणूस एक आणि ज्याच्यासाठी शिवी दिली जाते तो माणूस दुसरा. आणि दुसरा नेहमी गोड बोलतो.

आता या भूमिकांच्या दुसऱ्या बाजूकडे वळले पाहिजे, कारण नुसता गौरव करणे हा या लेखाचा हेतू नाही.

निळू फुले यांनी मराठी-हिंदी मिळून दोनशेहून अधिक चित्रपट केले. त्यांतले किती पाटील, किती सरपंच, किती सभापती याची मोजदाद करण्यात अर्थ नाही. साचा एकच आहे. वाडा, जीप, चार हस्तक, एक तमासगिरीण किंवा एक गरीब पोर. नायक बहुधा चांगल्या घरचा तरुण नाहीतर मास्तर. शेवटी पाटलाचे पाप उघडे पडते, गाव शुद्ध होते, आणि सगळे पूर्ववत सुरू. या ‘पूर्ववत’ मध्ये आम्ही कुठे असतो? गावकुसाबाहेरची वस्ती या चित्रपटांत जवळजवळ नाहीच. पाण्याचा तंटा नाही, मंदिराचा नाही, गायरानाचा नाही. पाटलाचा सगळा दुष्टपणा त्याच्या वासनेत आणि लबाडीत कोंबलेला. म्हणजे दोष व्यक्तीचा, व्यवस्था निर्दोष! वाईट पाटील गेला की चांगला पाटील येईल आणि गाव सुखी होईल, असा या कथांचा निष्कर्ष निघतो. जातिव्यवस्थेला याहून अधिक सोयीची गोष्ट कोणती असेल?

यात आणखी एक विसंगती आहे. मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. निळू फुले पडद्यावर आले १९६८ मध्ये. म्हणजे तीन दशके मराठी चित्रपट ज्या सत्तेला झोडपत राहिला, ते पद कायद्याने आधीच गेलेले होते. गावातली सत्ता तोवर सोसायटीत, बाजार समितीत, शिक्षणसंस्थेत आणि साखर कारखान्यात जाऊन बसली होती. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात १९५० मध्ये आमच्याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी झाली. त्या कारखानदारीने पुष्कळांचे भले केले हे खरे, परंतु उसाच्या फडात कोयता घेऊन कोण गेले हेही खरे. चित्रपट मात्र वाड्याच्या पायरीवरच थांबला. पडक्या वाड्याला दगड मारणे सोपे असते; चालू कारखान्याच्या फाटकाशी उभे राहणे अवघड असते.

या साच्याबाहेर ‘सामना’ उभा आहे. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, रामदास फुटाणे यांची निर्मिती. १९७५ मध्ये हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला. यातला हिंदुराव पाटील नव्या सत्तेचा माणूस आहे. त्याच्याकडे कारखाना आहे, योजना आहेत, विकासाची भाषा आहे. एक दारुडा मास्तर वाट चुकून त्याच्या गावात येतो आणि हिंदुराव त्याला पाहुणा म्हणून ठेवून घेतो. डॉ. श्रीराम लागू यांचा मास्तर आणि निळू फुले यांचा हिंदुराव यांच्यातले द्वंद्व ही मराठी अभिनयातली मोठी गोष्ट आहे, यात शंका नाही. निळू फुले येथे हिंदुरावाला माणूस करतात. त्याला मास्तराविषयी खरे कुतूहल आहे, जवळजवळ माया आहे. आपण गावासाठी केले त्याचा त्याला मनापासून अभिमान आहे. हा पाटील स्वतःला दुष्ट समजतच नाही. म्हणूनच तो भयंकर आहे.

आणि या चित्रपटात एक प्रश्न आहे, जो मास्तर पुन्हा पुन्हा विचारतो. मारुती कांबळे याचे काय झाले? मारुती कांबळे नाहीसा झालेला आहे. गाव त्याविषयी बोलत नाही. कांबळे हे आडनाव ऐकताच आम्हाला जे कळते, ते चित्रपटाच्या केंद्रस्थानी नाही. त्याचा भर जातीवर नाही, सत्ता आणि विवेक यांच्या झगड्यावर आहे. मारुती कांबळेचा मृत्यू हे या झगड्याचे निमित्त ठरते. प्रश्न विचारणारा मास्तर, उत्तर देणारा पाटील, आणि ज्याच्याविषयी प्रश्न आहे तो जवळजवळ अदृश्य. अभिनयाच्या इतिहासात आपण हिंदुरावाला आणि मास्तराला मोठ्या भूमिका म्हणतो. मारुती कांबळेची भूमिका कुणाच्या लक्षातही नसते. तरीही मी ‘सामना’ नाकारत नाही. प्रश्नाला नाव आणि आडनाव देण्याचे धाडस त्या चित्रपटाने केले, आणि तो प्रश्न पुढे चित्रपटातून निसटून महाराष्ट्राच्या तोंडी बसला.

निळू फुले यांना साचा मोडता येत होता याचे पुरावे भरपूर आहेत. १९७२ मध्ये त्यांनी तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ मध्ये सखाराम केला. जन्माने ब्राह्मण असून ब्राह्मण्य झुगारलेला, टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा तो बाइंडर. त्या नाटकाने सभ्य समाजाची झोप उडाली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या ‘सिंहासन’ (१९७९) मध्ये ते दिगू टिपणीस हा पत्रकार झाले. येथे त्यांनी जवळजवळ काहीच केले नाही. ते ऐकतात, पाहतात, सिगारेट ओढतात. ज्याने आयुष्यभर सत्तेचा आवाज काढला, तो येथे सत्तेचा नुसता साक्षीदार होतो आणि शेवटी त्याचे भान सुटते. ‘सारांश’ (१९८४) मधला गजानन चित्रे हा पुन्हा सत्ताधारी आहे, पण शहरातला, सफेद कपड्यांतला. एवढी ताकद असलेल्या नटाला आपल्या चित्रपट-व्यवसायाने वर्षानुवर्षे एकाच वाड्यात कोंडून ठेवले. १९९१ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांचा सन्मान केला, पण निर्मात्यांना त्यांच्याकडून पाटीलच हवा होता.

येथे माझे एक सहकारी मित्र आक्षेप घेतात. ते म्हणतात, ‘अरे, हा माणूस समाजवादी. अंधश्रद्धा निर्मूलनात दाभोलकरांबरोबर उभा राहिला. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागूंबरोबर ‘लग्नाची बेडी’ चे प्रयोग गावोगाव केले, कार्यकर्त्यांना चार पैसे मिळावेत म्हणून. मग असल्या गल्लाभरू चित्रपटांना त्याने नकार का दिला नाही?’ हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. नकार ही आमच्या साहित्याची पहिली भूमिका आहे, परंतु पोटाला नकार देता येत नाही हेही आम्हालाच सर्वांत आधी कळलेले आहे. माळीकाम करून वर आलेल्या माणसाने काम नाकारावे असे सांगणारे बहुधा महिन्याच्या पगाराचे धनी असतात. मीही आता त्यांतलाच. दोष द्यायचा तर तो कथा लिहिणाऱ्यांना आणि त्या विकणाऱ्यांना दिला पाहिजे. मात्र एक गोष्ट मित्राच्या बाजूने सांगितली पाहिजे. साच्यातली भूमिका शंभर वेळा केली की नक्कल बोथट होते, आणि बोथट नक्कल ज्याची करायची त्याच्याच उपयोगी पडते.

हे मी का म्हणतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात मी हजर होतो. एका मुलाने निळू फुले यांचा आवाज काढला. बाईला वाड्यावर बोलावण्याचे ते वाक्य सर्वांना पाठ आहे. नकलाकारांनी ते घरोघर पोचवले आहे. सभागृह हशाने दणाणले. पहिल्या रांगेत बसलेले संस्थेचे लोकही पोट धरून हसले. वस्तीतून येणारी एक विद्यार्थिनी उठून बाहेर गेली. नंतर मी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘सर, माझ्या आजीला खरंच बोलावलं होतं.’

मला तात्यांची आठवण झाली. तात्यांच्या नकलेला वस्ती हसत होती. पाटील तेथे नव्हता. या नकलेला पाटीलच पहिल्या रांगेत बसून हसत होता, आणि जिच्या घरावर ते घडले ती बाहेर उभी होती. नक्कल तीच, आवाज तोच. हसणारे बदलले. वस्तीची नक्कल कलापथकात गेली, कलापथकातून चित्रपटात, चित्रपटातून स्नेहसंमेलनात. आणि या प्रवासात वस्ती मात्र वाटेतच गळाली. हा दोष निळू फुले यांचा नाही. पण त्यांच्या कारकिर्दीचा विचार करताना ही गोष्ट टाळली तर आपण पुन्हा त्या सोयीच्या वाक्याशीच येऊन थांबू.

फेब्रुवारी २०१४ मध्ये नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. त्यात किशोर कदम यांनी कचरू माने हा बाप केला आहे. तोही तथाकथित दुय्यम भूमिकांत दीर्घकाळ वावरलेला नट. या चित्रपटात निळू फुले यांच्या जातीचा पाटील नाही. बाप आणि मुलगा डुकरामागे धावतात आणि गाव हसते. दुष्ट असा एक माणूस दाखवता येत नाही; हसणारे सगळे ओळखीचे, साधे, रोजचे लोक आहेत. आमच्या दृष्टीने मराठी चित्रपटातला खलनायक येथे प्रथमच आपल्या खऱ्या रूपात आला, म्हणजे गाव म्हणून आला.

त्यानंतर अडीच महिन्यांनी, २८ एप्रिल २०१४ रोजी, आमच्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, एवढे कारण सांगितले गेले. त्याचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या दिवसांत बाहेरून आलेली माणसे मला विचारीत, ‘तुमच्या गावात वाडा कुठे आहे? पाटील कोण?’ मी त्यांना काय दाखवणार? त्यांच्या डोळ्यांपुढे निळू फुले यांचा चेहरा होता. असा चेहरा खर्ड्यात नव्हता. शाळा होती, रस्ता होता, बाजारपेठ होती, पाहणारी माणसे होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. साक्षीदार उलटले होते. ज्या प्रश्नाला चित्रपटात एका दारुड्या मास्तराने तरी तोंड फोडले, त्या प्रश्नापुढे माझे गाव गप्प बसले.

त्या निकालाच्या वर्षी मी वर्गात ‘सामना’ दाखवला. मास्तर म्हणून मला निळू फुले यांचा अभिनय शिकवायचा होता. नजर, विराम, आवाजाची पट्टी हे सर्व मी आधी फळ्यावर लिहून ठेवले होते. चित्रपट संपला. पहिला प्रश्न शेवटच्या बाकावरून आला. ‘सर, मारुती कांबळेचं काम कोणी केलंय? त्याला एवढं थोडंच का दाखवलं?’

फळ्यावर लिहिलेले सर्व मी त्या तासाला तसेच राहू दिले आणि आम्ही मारुती कांबळेवरच बोललो. निळू फुले यांनी पाटील इतका खरा उभा केला की त्याच्यासमोर कोण नाही हे दिसू लागते. त्यांच्या कामाचे मोल मी येथे मानतो. जी जागा रिकामी दिसते ती भरण्याचे काम त्यांचे नव्हते. ते आपले आहे. लेखकांनी आता पाटील लिहिणे थोडे थांबवावे आणि मारुती कांबळे लिहावा. तो कसा चालत होता, काय बोलत होता, बायकोला कोणत्या नावाने हाक मारीत होता, संध्याकाळी ओट्यावर बसून कुणाची नक्कल करीत होता, हे सर्व लिहावे. ही भूमिका पेलणारा नट मिळेल की नाही याची मला चिंता नाही. वस्तीत तात्यांची परंपरा अजून जिवंत आहे.